खर्जाची पेटी आणि जुना रिसीव्हर

काही महिन्यांपूर्वी तालुक्याच्या गावातील एका शाळेतून आम्हाला पत्र आले. पत्र लिहिणाऱ्या बाई तेथे विज्ञान शिकवतात. शाळेच्या सभागृहात १९७०च्या दशकातला एक जपानी स्टिरिओ रिसीव्हर आहे. एका माजी विद्यार्थ्याने तो परदेशातून आणला होता आणि पुढे शाळेला भेट दिला. स्नेहसंमेलन असो की पंधरा ऑगस्ट, तोच वाजतो. यंदा एका पालकांनी घर बदलताना आपल्याकडचा सबवूफर शाळेला दिला. सबवूफर म्हणजे फक्त खर्जाचे, अगदी खालचे सूर वाजवणारी पेटी. या पेटीच्या पोटातच वर्धक म्हणजे ॲम्प्लिफायर होता, त्यामुळे तिला विजेची स्वतंत्र वायर होती. बाई दोन्ही वस्तू घेऊन शहरातल्या एका दुकानात गेल्या. दुकानदाराने रिसीव्हर फिरवून त्याची मागची बाजू पाहिली आणि सांगितले, ‘‘मॅडम, याला सब-आउटच नाही. हा भंगारात द्या आणि नवीन घ्या.’’ नव्याची किंमत ऐकून बाई दोन्ही वस्तू रिक्षात घालून परत घेऊन आल्या.

त्यांचा प्रश्न साधा होता. रिसीव्हर बिघडलेला नाही, पेटीही बिघडलेली नाही. मग दोघांची गाठ का पडू नये?

याचे उत्तर चार ओळींचे होते आणि ते आम्ही लगेच कळवले. पण दुसरा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. इतक्या मेहनतीने बनवलेल्या यंत्राच्या पाठीवर ही एक जागा का नसावी? बनवणारे विसरले म्हणावे तर त्या काळातल्या बहुतेक सगळ्याच रिसीव्हरांवर ती नाही. म्हणजे त्यांना तिची गरज वाटली नव्हती. का वाटली नव्हती, हे शोधताना आम्ही मागे मागे जात थेट १९२५ सालापर्यंत पोचलो.

त्या वर्षी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले दोन अभियंते, चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग, यांनी नव्या प्रकारच्या ध्वनिक्षेपकावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याआधीचे ध्वनिक्षेपक कर्ण्याचे असत. कर्णा मोठा आवाज देतो, पण खालचे सूर द्यायचे तर तो प्रचंड लांबरुंद लागतो. राइस आणि केलॉग यांनी कर्णा काढून टाकला. कागदाचा एक कोन, त्याच्या टोकाशी तारेचे हलके वेटोळे, वेटोळे चुंबकीय क्षेत्रात टांगलेले; वेटोळ्यातून बदलता प्रवाह गेला की कोन पुढेमागे हलतो. चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याची कल्पना जुनीच होती, वेर्नर सीमेन्स यांनी १८७४ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. नवे होते ते गणित. कोनाची नैसर्गिक वारंवारता त्यांनी मुद्दाम खूप खाली ठेवली. तिच्या वरच्या भागात कोनाचे वस्तुमानच त्याच्या हालचालीवर नियंत्रण ठेवते. वारंवारता दुप्पट झाली की कोनाचा वेग निम्मा होतो, पण त्याच वेगाला हवेत ध्वनी सोडण्याची कोनाची क्षमता तेवढ्याच प्रमाणात वाढते. दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात आणि आवाज सर्व सुरांना जवळजवळ सारखा राहतो. आज घराघरांत, मोटारींत आणि मोबाईलमध्ये असलेले बहुतेक ध्वनिक्षेपक याच हिशोबावर चालतात.

हाच हिशोब उलट बाजूने वाचला की खर्जाची अडचण समजते. आवाजाची पातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली तर कोनाला चौपट अंतर हलावे लागते. ८० हर्ट्झचा सूर देताना कोन एक मिलिमीटर हलत असेल, तर ४० हर्ट्झला तो चार मिलिमीटर आणि २० हर्ट्झला सोळा मिलिमीटर हलला पाहिजे. लहान कोनाला ते शक्य नसते. म्हणजे कोन मोठा हवा, पेटी मोठी हवी आणि तो हलवायला शक्तीही हवी.

या निबंधातून जो ध्वनिक्षेपक बाजारात आला, त्याचे नाव रेडिओला १०४. त्या वेळच्या रेडिओंना एवढा कोन हलवणे झेपणारे नव्हते, म्हणून कंपनीने वर्धक ध्वनिक्षेपकाच्याच पेटीत बसवला. त्याची शक्ती होती सुमारे एक वॉट! आकडा आज हास्यास्पद वाटेल, पण कल्पना पाहा. शाळेला मिळालेल्या काळ्या पेटीत जी गोष्ट आधुनिक म्हणून मिरवते, ती कागदी कोनाच्या जन्मापासूनच त्याच्या सोबत होती. पुढे रेडिओंचे वर्धक सुधारले आणि ध्वनिक्षेपकाच्या पोटातला वर्धक घरांतून जवळजवळ दिसेनासा झाला. तो परत यायला चार-पाच दशके लागली.

मधल्या काळात लोकांचे खर्जावाचून अडले का? फारसे नाही, आणि याचे कारण आपल्या कानात आहे. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी माणसाचा कान कोणत्या सुराला किती संवेदनशील आहे याचे आलेख काढले. खालच्या सुरांना आपला कान विलक्षण मठ्ठ असतो. १००० हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू येण्यास जेवढी ध्वनिपातळी लागते, तिच्याहून सुमारे ७५ डेसिबल जास्त पातळी २० हर्ट्झच्या सुराला लागते. तीव्रतेच्या भाषेत हा फरक सुमारे तीन कोटी पटींचा आहे. शिवाय आवाज हळू केला की खर्ज बाकीच्या सुरांपेक्षा लवकर नाहीसा होतो. जुन्या रिसीव्हरांवर ‘लाउडनेस’ नावाचे जे बटण असते ते याच आलेखांचे अपत्य आहे. हळू आवाजात गाणी ऐकताना ते खर्ज थोडा उचलून देते.

कानाची दुसरी खोड अधिक मजेशीर आहे. काळी एकच्या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला कंप पावते. खिशात मावणाऱ्या ट्रान्झिस्टर रेडिओचा तळहाताएवढा ध्वनिक्षेपक ६९ हर्ट्झचा सूर जवळजवळ देतच नाही. तरीही त्या रेडिओवर आपल्याला खर्जाची तार खर्जातच ऐकू येते, ती पट्टी सोडून वर गेली असे कोणी म्हणत नाही. तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे सूरही निघत असतात. तेवढे कानावर पडले की मेंदू मूळ सूर स्वतःच जोडून घेतो. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट झेबेक यांनी १८४०च्या दशकात सायरनवर प्रयोग करून हे दाखवले होते आणि त्यावरून ओम यांच्याशी त्यांचा चांगलाच वाद झाला होता. हे ओम म्हणजे विद्युत रोधाच्या नियमाचेच ओम. असो. तर लहान रेडिओवर आपल्याला खर्ज ‘कळतो’, पण जाणवत नाही. डग्ग्याची घुमक छातीला लागत नाही. माहिती पोचते, हवा हलत नाही.

ती हवा घरातल्या घरात, कपाटाएवढी पेटी न आणता कशी हलवायची, याचे पहिले चांगले उत्तर एका शिक्षकाने दिले. एडगर व्हिल्चर यांनी कलेच्या इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेतले होते. इलेक्ट्रॉनिकी ते दुसऱ्या महायुद्धात सैन्याची उपकरणे दुरुस्त करता करता शिकले. युद्धानंतर ते न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीच्या पुनर्निर्मितीवर संध्याकाळचा वर्ग घेत. त्यांना खटकणारी गोष्ट ही होती: कोनाला जागेवर परत आणण्यासाठी कापडाची किंवा कागदाची घडीची कडा वापरत. ती स्प्रिंगचे काम करी, पण फार वाईट. थोड्या ताणाला एक वागणूक, जास्त ताणाला दुसरी. खर्जात तर ताण जास्तच, म्हणून तेथेच आवाज विकृत होई. व्हिल्चर यांनी विचारले, कोनामागे बंद पेटीत हवा आहेच. तीच स्प्रिंग म्हणून का वापरू नये? हवा कितीतरी अधिक नियमितपणे दबते आणि फुगते. त्यांनी कोनाची कडा अगदी ढिली केली आणि पेटी हवाबंद केली. पहिल्या नमुन्यासाठी गादीच्या खोळीचे कापड वापरले होते आणि ती कडा त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी शिवली होती. एवढ्या बदलाने लहानशा पेटीतून स्वच्छ खर्ज निघू लागला.

व्हिल्चर ही कल्पना घेऊन प्रस्थापित कंपन्यांकडे गेले. कोणी दाद दिली नाही. शेवटी त्यांच्या वर्गातलाच एक विद्यार्थी पुढे आला, हेन्री क्लॉस. तो तेव्हा सैन्यात होता आणि केंब्रिज गावी एका माळ्यावर ध्वनिक्षेपकाच्या पेट्याही बनवत असे. १९५४ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थी यांनी मिळून अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. पहिल्या पेटीचे नाव एआर-१. तिची एक धाकटी बहीणही निघाली, एआर-१डब्ल्यू. हिच्यात वरचे सूर देणारा भागच नव्हता, फक्त खर्ज. वरच्या सुरांसाठी गिऱ्हाइकाने दुसऱ्या बनावटीचा ध्वनिक्षेपक घ्यावा आणि खाली ही पेटी जोडावी. सबवूफरचा जनक कोण यावर बरीच भांडणे आहेत. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील रेमन डोन्स यांना अशा पेटीचे पेटंट मिळाले हेही खरे. पण जनक शोधण्यात आम्हाला फारसा रस नाही. खर्ज वेगळा काढून वेगळ्या पेटीत ठेवता येतो, हे एआर-१डब्ल्यू विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला १९५०च्या दशकातच कळले होते.

व्हिल्चर यांच्याबद्दल आणखी एक सांगायला हवे. १९६७ मध्ये कंपनी विकल्यावर ते श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळले. हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवणारी, सुरांच्या पट्ट्यांप्रमाणे वेगवेगळी काम करणारी योजना त्यांनी मांडली. तिचे पेटंट त्यांनी घेतले नाही, ती सर्वांसाठी प्रसिद्ध करून टाकली. पुढच्या श्रवणयंत्रांनी ती उचलली.

एआर-१ लहान होती, पण तिने एक किंमत मागितली. क्लॉस पुढे ज्या केएलएच कंपनीत गेले, तिच्या नावातला ‘एच’ म्हणजे अँटन हॉफमन. ते विख्यात पियानोवादक योझेफ हॉफमन यांचे पुत्र. त्यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि विजेची काटकसर या तिन्हींपैकी दोनच गोष्टी मिळतात, तिसरी सोडावी लागते. पेटी तेवढीच ठेवून खर्जाची मर्यादा निम्म्यावर आणली तर कार्यक्षमता एक अष्टमांश होते. म्हणजे तेवढ्याच आवाजाला आठपट वॉट लागतात. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये हे सारे इतक्या नेटक्या सूत्रांत बसवले की तेव्हापासून पेटी कागदावर आखता येऊ लागली. पण हॉफमन यांचा व्यवहार कोणालाच चुकवता आला नाही.

आता रिसीव्हरकडे येऊ. रेडिओ, त्यामागचा पूर्ववर्धक आणि शेवटचा शक्तिवर्धक हे तिन्ही एका खोक्यात घातले की रिसीव्हर होतो. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या, त्याच वर्षी हार्मन कार्डन कंपनीचा स्टिरिओ रिसीव्हरही आला. १९६१ मध्ये अमेरिकेत एफएमवर स्टिरिओ प्रक्षेपण सुरू झाले. ट्रान्झिस्टर आले, वॉट स्वस्त झाले आणि १९७०च्या दशकात जपानी कंपन्यांची वॉटची शर्यत लागली. १९७८ मध्ये पायोनियरच्या एसएक्स-१९८० या रिसीव्हरने दर बाजूला २७० वॉटचा टप्पा गाठला. त्याचे वजन ३५ किलोंच्या आसपास होते. ते उचलायला दोन माणसे बरी. हॉफमन यांच्या नियमाला त्या काळाने दिलेले उत्तर हेच होते: पेट्या मोठ्या घ्या आणि वॉट वाढवा. डावा आणि उजवा असे दोन ध्वनिक्षेपक मिळून सगळे सूर देतात, संगीत तेथेच संपते, ही समजूत रिसीव्हरच्या पाठीवर कोरलेली आहे. डाव्यासाठी दोन अग्रे, उजव्यासाठी दोन अग्रे. पाचव्याचे काही कामच नव्हते.

गंमत अशी की त्याच काळातल्या तबकड्यांनी खर्जाबाबत वेगळाच निर्णय घेतलेला होता. स्टिरिओ तबकडीच्या खाचेत दोन्ही बाजूंचा समान आवाज सुईला आडवे हलवतो आणि दोन्हींतला फरक तिला वरखाली हलवतो. खोल खर्ज एकाच बाजूला ठेवला तर सुई खाचेतून उडण्याची भीती. म्हणून तबकडी कापताना पुष्कळदा खालचे सूर दोन्ही बाजूंना सारखे वाटून टाकत. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नसे, कारण ८० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ४ मीटरहून अधिक असते आणि आपले दोन कान एकमेकांपासून वीतभर अंतरावर. एवढी लांब लाट दोन्ही कानांपाशी जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे ती कोठून आली हे कानांना सांगता येत नाही. दोन बाजूंना मिळून खर्जाची एकच पेटी पुरते, ती याच कारणाने.

मग ती पेटी जुन्या पद्धतीने, म्हणजे वर्धकाशिवाय, का करत नाहीत? काहींनी केली. तिला रिसीव्हरची शक्ती द्यायची आणि वरचे सूर गाळण्यासाठी तारेचे वेटोळे आड घालायचे. येथे एक छोटे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. ८ ओमच्या ध्वनिक्षेपकासाठी २५०० हर्ट्झवर गाळणी लावायची तर वेटोळ्याची प्रवर्तकता सुमारे अर्धा मिलिहेन्री लागते. तीच गाळणी ८० हर्ट्झवर लावायची तर १६ मिलिहेन्री, म्हणजे तीसपटीहून जास्त. एवढे वेटोळे जाड तांब्याच्या तारेचे केले तर जड आणि महाग, बारीक तारेचे केले तर निम्मी शक्ती त्यातच उष्णता होऊन जाते. मुख्य ध्वनिक्षेपकांना खर्जापासून वाचवायला धारित्र लावावे तर ते २५० मायक्रोफॅरडच्या घरात जाते. हेच विभाजन वर्धकाच्या आधी, जेथे संरोध १० हजार ओम आहे अशा ठिकाणी केले, तर ०.२ मायक्रोफॅरडचे शेंगदाण्याएवढे धारित्र पुरते. म्हणून सूर आधी वेगळे करायचे आणि खर्जासाठी वर्धक वेगळा ठेवायचा. तो ठेवायला सर्वांत सोयीची जागा पेटीचे पोट. राइस आणि केलॉग यांची एक वॉटची युक्ती अशी परत आली.

ती घराघरांत पोचवली मात्र चित्रपटांनी. त्याआधी १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या केन क्राइझेल यांनी स्टीली डॅन या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणासाठी खर्जाची पेटी करून दिली होती, पण ती धंदेवाईकांची गोष्ट. सामान्य प्रेक्षकांना पहिला हादरा बसला नोव्हेंबर १९७४ मध्ये, ‘अर्थक्वेक’ या चित्रपटात. भूकंपाच्या प्रसंगी चित्रपटगृहात ठेवलेल्या प्रचंड पेट्यांतून कानापेक्षा अंगालाच जास्त जाणवणारा घरघराट सोडत. या योजनेचे नाव सेन्सराउंड. हॉलिवूडमधल्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरात छताच्या प्लास्टरचे तुकडे प्रेक्षकांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून जाळी बांधावी लागली होती. त्याला संगीत म्हणता येणार नाही हे आम्हाला मान्य आहे. पण खालच्या सुरांना स्वतःचे यंत्र हवे हे त्या जाळीने सर्वांना पटवले. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या ७० मिलिमीटर प्रतींवर पडद्यामागच्या ध्वनिमार्गांपैकी दोन केवळ खर्जासाठी राखले गेले. १९९२ मध्ये ‘बॅटमन रिटर्न्स’पासून चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटल आले. त्यात पाच पूर्ण मार्ग आणि १२० हर्ट्झपर्यंतच्या सुरांचा एक अपुरा मार्ग. ‘पाच पॉइंट एक’ मधला ‘पॉइंट एक’ तो हाच. १९९६-९७ पासून डीव्हीडी आली आणि तोच अपुरा मार्ग घरच्या दिवाणखान्यात पोचला. मग नव्या रिसीव्हरांच्या पाठीवर एक वेगळी जागा दिसू लागली आणि शेजारी ‘सब-आउट’ अशी अक्षरे. दुकानदाराने शोधली ती जागा चित्रपटांमुळे आलेली आहे. शाळेचा रिसीव्हर तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा.

पण पेट्या बनवणाऱ्यांना जुने रिसीव्हर ठाऊक होते. म्हणून अनेक सबवूफरांच्या मागे, गोल सॉकेटांबरोबरच, ध्वनिक्षेपकाच्या वायरी अडकवण्याची चार अग्रेही असतात. शाळेच्या पेटीला ती होती. रिसीव्हरच्या डाव्या-उजव्या अग्रांपासून मुख्य ध्वनिक्षेपकांकडे ज्या वायरी जातात त्या तशाच राहू द्यायच्या. त्याच अग्रांपासून आणखी एक जोडी डावीकडून आणि एक उजवीकडून काढून सबवूफरच्या त्या चार अग्रांना लावायची. लालला लाल, काळ्याला काळे. झाले.

येथे बहुतेकांना एक शंका येते आणि ती योग्यच आहे: रिसीव्हरवर आणखी एक बोजा पडला, तो तापणार नाही का? समजा रिसीव्हर ८ ओमच्या ध्वनिक्षेपकाला १ वॉट देतो आहे. अग्रांवर सुमारे २.८ व्होल्ट असतात आणि ध्वनिक्षेपकातून ०.३५ ॲम्पिअर प्रवाह जातो. सबवूफरच्या त्या अग्रांचा संरोध असतो हजारो ओम. १० हजार धरू. त्यातून जातो ०.२८ मिलिॲम्पिअर, म्हणजे साडेबाराशेपटीने कमी. ८ ओमला समांतर १० हजार ओम जोडले तर एकूण होतात ७.९९ ओम. रिसीव्हरला फरक कळतसुद्धा नाही. पेटी फक्त व्होल्टेज ‘ऐकते’. कोन हलवण्याची शक्ती ती भिंतीवरच्या सॉकेटातून घेते. व्होल्टमीटर समांतर का जोडतात आणि त्याचा रोध प्रचंड का ठेवतात हे आपण आठवी-नववीत शिकवतो. ही तीच गोष्ट.

आधी मल्टीमीटरने तपासून पाहावे. रिसीव्हर आणि पेटी दोन्ही बंद करून, सॉकेटातून काढून, सबवूफरच्या लाल-काळ्या अग्रांमधला रोध मोजा. बहुतेक पेट्यांत तो हजारोंत येतो. ८ ओमच्या साध्या ध्वनिक्षेपकाचा मोजला तर सहाच्या आसपास. पेटीला विजेची वायर नसेल आणि रोध चार-सहा ओम दिसला, तर ती वर्धक नसलेली जुनी पेटी आहे. ती अशी समांतर जोडू नये, रिसीव्हर खरोखरच तापेल. मल्टीमीटर हातात आहे तोवर रिसीव्हरची दोन काळी अग्रेही तपासावीत. त्यांच्यामधला रोध जवळजवळ शून्य आला तर ती आतून जोडलेली आहेत आणि काळजी नाही. तसे नसेल तर वर्धकाची रचना वेगळ्या प्रकारची असू शकते. पेटीच्या आत दोन्ही काळी अग्रे एकत्र जोडलेली असतील तर रिसीव्हर जळू शकतो. अशा वेळी जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एक मोह टाळावा. जुन्या रिसीव्हरवर टेप रेकॉर्डरसाठी ‘टेप आउट’ नावाचे सॉकेट असते आणि सबवूफरची गोल पिन त्यात छान बसते. आवाजही येतो. पण तो संदेश आवाजाच्या बटणाच्या आधीच बाहेर काढलेला असतो. ध्वनिमुद्रण करताना कोणी बटण फिरवले तर टेपवरचा आवाज बदलू नये यासाठी ती सोय होती. त्यामुळे रिसीव्हरचा आवाज शून्यावर आणला तरी खर्ज घुमतच राहतो. काही रिसीव्हरांवर मात्र ‘प्री-आउट’ आणि ‘मेन-इन’ अशा जोड्या असतात, धातूच्या आकड्यांनी एकमेकींना जोडलेल्या. त्या असतील तर भाग्यच. तो संदेश आवाजाच्या बटणानंतरचा असतो आणि गोल पिनेच्या वायरीने थेट पेटीला देता येतो. आकडा काढल्यावर मात्र प्री-आउटचा संदेश मेन-इनलाही परत द्यायचा हे विसरू नये, नाहीतर मुख्य ध्वनिक्षेपक मुके होतात.

आपल्याकडे आणखी एक पाहुणा येतो. घरगुती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, आणि ती बरोबर सबवूफरच्या राज्यात पडते. रिसीव्हर आणि पेटी वेगवेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटांना लावली की कधी कधी अर्थिंगच्या वाटेने ही गुणगुण आत शिरते. दोन्ही एकाच बोर्डाला लावावीत. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची जाड पिन कापून टाकणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. तिला हात लावू नये.

बाईंनी आमच्या पहिल्या उत्तरानंतर आठ-दहा दिवसांनी कळवले. मापे नववीच्या मुलांनी घेतली: पेटीचा रोध हजारोंत, काळी अग्रे आतून जोडलेली. साध्या दोन पदरी वायरीने पेटी जोडली. मोबाईलमधल्या ॲपवरून १०० हर्ट्झपासून खाली येत सूर वाजवले. ‘लाउडनेस’चे बटण आधी कायम दाबलेले असे, खर्ज दोनदा वाढू नये म्हणून ते उचलले. पेटीवरची गाळणी ८० हर्ट्झवर ठेवली आणि आवाज इतकाच, की पेटी बंद केल्यावरच ती चालू होती हे कळावे. ती कोठे ठेवायची यावर मात्र वर्गात भांडण झाले. शेवटी पेटी बाईंच्या खुर्चीच्या जागी ठेवून मुले भिंतीकडेने रांगत फिरली आणि जेथे खर्ज सर्वांत सारखा ऐकू आला त्या जागी, रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्याच्या जरा अलीकडे, पेटी नेऊन ठेवली. स्नेहसंमेलनात तबल्याची साथ होती. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी नंतर येऊन विचारले, यंदा डग्गा कोणाचा होता?